दोन मॉनिटर, शिवाय लॅपटॉप: चारनंतर डोळे चुरचुरतात, मान आखडते

खतावणी:
टेबल ६० सेंमी खोल, भिंतीला टेकवलेलं. समोर २७ इंची १४४०पी (एक्सेल), उजवीकडे २४ इंची १०८०पी (टॅली), डावीकडे १४ इंची फुल एचडी लॅपटॉप (मेल). चष्मा प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत). संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात आणि मानेची उजवी बाजू धरते. ब्लू कट (निळा प्रकाश अडवणारी) काच घ्यावी की मॉनिटर आर्म (टेबलाला लावून मॉनिटर हवा तसा हलवता येणारा हात)?

नटबोल्ट:
आधी टेप घ्या. नाकाच्या दांडीपासून तिन्ही स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजा. स्टँडचा पायच २०-२५ सेंमी जागा खातो, त्यामुळे ६० च्या टेबलावर स्क्रीन फार जवळ येते. ६० ते ७० सेंमी हवं, आणि तिन्हींना साधारण सारखंच. एक ४५ वर, दुसरी ७० वर असेल तर नजर वळवली की दर वेळी डोळ्याला नव्याने फोकस लावावा लागतो. म्हणून सरळ रांग नको, कमान करा.

एक्सेल-टॅली निम्मं-निम्मं असेल तर दोन्ही मॉनिटर उघड्या पुस्तकासारखे ठेवून मधली फट नाकासमोर आणा. आता टॅलीसाठी सारखं उजवीकडे वळावं लागतं, तुमची मान उजवीकडेच धरते ती बहुतेक त्यामुळेच. वरची कड डोळ्यांच्या रेषेत.

आर्म घेताना मॉनिटरच्या मागे वेसा (आर्म बसवायच्या ठरलेल्या मापाची) १०० बाय १०० मिमी भोकं आहेत का बघा, आणि वजन स्टँडशिवायचं धरा. पार्टिकल बोर्डचं टेबल क्लॅम्पखाली चेपतं, वर-खाली लोखंडी पट्टी द्या. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नका. भिंतीला टेकलेल्या टेबलावर आर्मचं कोपर भिंतीला आदळतं, टेबल ८-१० सेंमी पुढे ओढावं लागेल. सोडल्यावर मॉनिटर आपोआप वर जात असेल तर अ‍ॅलन कीने ताण कमी करा, खाली बसत असेल तर वाढवा.

मंदप्रकाश:
अंतर सारखं केलं तरी अक्षरं सारखी होत नाहीत. २७ इंची १४४०पी वर इंचाला १०९ पिक्सेल, २४ वर ९२, लॅपटॉपवर १५७. विंडोजमध्ये स्केल अनुक्रमे १२५, १०० आणि १७५ टक्के ठेवा, अक्षरं जवळजवळ एकाच मापाची दिसतील. लॅपटॉपवर जागा कमी उरेल, पण मेलला पुरते.

ब्राइटनेसचे आकडे जुळवू नका, एकाचे ५० म्हणजे दुसऱ्याचे ५० नव्हेत. कोरं नोटपॅड अर्धं-अर्धं दोन्ही मॉनिटरवर ओढा, शेजारी पांढरा कागद धरा आणि पडदा कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. स्क्रीन दिव्यासारखी उजळ वाटली तर जास्त आहे, करडी वाटली तर कमी. एकीकडे डार्क थीम आणि दुसरीकडे पांढरी शीट हा प्रकार बंद. खिडकी बाजूला हवी, समोर किंवा पाठीमागे नको.

चष्मेबहाद्दर:
नटबोल्ट, बाकी सगळं मान्य, पण वरची कड डोळ्यांच्या रेषेत हा नियम प्रोग्रेसिव्हवाल्यांना लागू करू नका. त्या काचेत वरचा भाग लांबचा, मधली पट्टी अरुंद, खाली वाचनाचं. स्क्रीन उंच असली की स्पष्ट दिसावं म्हणून हनुवटी वर जाते आणि मागून मान दुखते. कड डोळ्यांच्या ५-८ सेंमी खाली आणा, स्क्रीन १०-१५ अंश मागे कलवा. पट्टी अरुंद असल्यामुळे बाजूच्या स्क्रीनसाठी नुसते डोळे फिरवून भागत नाही, डोकं वळवावं लागतं. म्हणून पुस्तकाचा कोन महत्त्वाचा.

स्क्रीन खाली आणल्याने चुरचुरही कमी होते. वर बघताना पापण्या जास्त उघड्या राहतात आणि अश्रू लवकर वाळतात. त्यात स्क्रीनसमोर पापण्या कमी मिटतात. एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर पट्ट्या वळवा.

ब्लू कटवर पैसे घालू नका. वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. त्यापेक्षा टेपने मोजलेलं अंतर नेत्रतज्ज्ञांना सांगून फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करून घ्या. वाचनाचा नंबर साधारण ४० सेंमीसाठी काढतात, तो ६५ वर धूसर दिसतो.

खतावणी:
मोजलं. २७ इंची ४७ वर, २४ इंची ५८, लॅपटॉप ४०! टॅलीचं काम खरंच निम्मं आहे. २७ चा स्टँड आधीच सगळ्यात खाली आहे, तरी कड डोळ्यांच्या वर जाते.

नटबोल्ट:
मग आर्म २७ लाच घ्या, २४ आहे त्या स्टँडवर राहू दे. लॅपटॉप २४ च्या पलीकडे सरकवा आणि खाली रिकामी फाइल घालून इतरांइतका मागे न्या. पण आर्म मागवण्याआधी खुर्ची ४-५ सेंमी वर करून दोन दिवस बसून बघा. पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा.