विखुरलेले शोधनिबंध आणि गाभ्याची नियतकालिके: वर्गणी कोणाची भरावी?

ग्रंथपाल: आमच्या महाविद्यालयात वर्गणीची रक्कम दरवर्षी आटत चालली आहे. गाभ्याची, म्हणजे विषयाचे सर्वाधिक लेख छापणारी, मोजकी नियतकालिके ठेवून बाकीची बंद करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयाचे सॅम्युअल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये मांडलेली मोजणी मला पटते. उपयोजित भूभौतिकीवरील १३३२ लेख ३२६ नियतकालिकांत विखुरलेले होते. मात्र त्यांतील ४२९ लेख अवघ्या ९ नियतकालिकांत, पुढचे ४९९ लेख ५९ नियतकालिकांत आणि उरलेले ४०४ लेख तब्बल २५८ नियतकालिकांत होते. शेवटच्या गटात एका नियतकालिकामागे जेमतेम दीड लेख पडतो. एवढ्यासाठी वर्षाची वर्गणी कोणी भरावी?

भूजल अभ्यासक: आकडे बरोबर, निष्कर्ष उलटा. त्याच ४०४ लेखांकडे पाहा: जवळजवळ एक-तृतीयांश साहित्य गाभ्याच्या बाहेर आहे. ब्रॅडफर्ड यांची मूळ तक्रारही हीच होती, की आपापल्या विषयाची नियतकालिके चाळणाऱ्या गोषवारा-सेवांच्या (लेखांचे सारांश काढून पुरवणाऱ्या संस्थांच्या) हातून इतरत्र छापलेले लेख निसटतात. बसाल्टमधील भूजलाविषयी मला लागणारे निबंध कधी भूशास्त्राच्या, कधी सिंचनाच्या, तर कधी शेतीच्या अंकांत सापडतात. माझ्या प्रबंधातला सर्वांत उपयोगी विद्युत-रोधकतेचा (खडक विजेला किती अडवतो याचा) तक्ता मला एका कृषी नियतकालिकाच्या बांधीव खंडात मिळाला, आणि त्याची जोडलेली पाने तोवर कोणी वाचण्यासाठी कापून सुटी केलेलीही नव्हती.

ग्रंथपाल: पाने कापलेली नव्हती, हा पुरावा माझ्या बाजूचा नव्हे काय? असा एखादा लेख आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येतो. कपाटभर अंक त्यासाठी कशाला?

संख्याशास्त्राचा शिक्षक: दोघेही गाभा कायमचा स्थिर असल्याप्रमाणे बोलत आहात. १९२८ मध्ये रामन यांनी आपल्या शोधाचा सविस्तर लेख कोलकात्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापला, युरोपातल्या एखाद्या ग्रंथालयाने त्या वेळी केवळ गाभा घेतला असता, तर हे नाव त्या यादीत असतेच असे नाही. (‘नेचर’मध्येही त्यांचे टिपण आले होते, हे खरे, पण ते टिपणच.) पुढे २००६ मध्ये ‘प्लॉस वन’ हे संगणकावर सर्वांना मोफत वाचता येणारे नियतकालिक सुरू झाले आणि भिन्न विषयांचे निबंध एकाच छपराखाली येऊ लागले; तिथे विषयानुसार गाभा मोजायचा कसा? २०१२ च्या एका अभ्यासात तर १९९० नंतर सर्वाधिक संदर्भिले जाणारे निबंध नामांकित नियतकालिकांच्या बाहेर वाढत्या प्रमाणात छापले जात असल्याचे दिसले. याउलट २००८ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स इव्हान्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की अंक संगणकावर उपलब्ध झाल्यावर संदर्भ अधिक नव्या आणि कमी निबंधांकडे वळतात. म्हणजे लेखन पसरत असताना वाचन आक्रसू शकते, आणि आपली वर्गणी-यादी त्यात भरच घालते.

भूजल अभ्यासक: म्हणूनच आधी मागणी-चिठ्ठ्यांची वही पाहा. कोणते अंक कोणी मागितले आणि मिळाले नाहीत, ते तिथे असेल.

ग्रंथपाल: वही काढतो. मात्र न मिळालेल्या अंकांची नोंद आम्ही २०१६ पासून ठेवणेच बंद केले आहे.