मदत हवी आहे: रससिद्धान्त चित्राला लावता येतो का?

नमस्कार मंडळी. एम.ए. मराठीला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस (म्हणजे नाटक पाहताना प्रेक्षकाला येणारे भावानुभव: शृंगार, करुण वगैरे), त्याचे भाष्यकार अभिनवगुप्तांनी नववा शांत ठामपणे मांडला, इथवर सगळं पाठ आहे. पण अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी (बोधिसत्त्वाचं भित्तिचित्र) पाहिला आणि गाडी तिथेच अडली. हातात कमळ, पापण्या झुकलेल्या, पण डोक्यावर मुकुट आणि गळ्यात मोत्यांची माळ! हा शांत म्हणायचा की करुण? की नाटकासाठी बांधलेली मापं चित्राला लावूच नयेत? सर म्हणाले, "परीक्षेला येत नाही." (खरंय म्हणा.)

या विषयावर, शक्यतो मराठीतलं, काही वाचायला सुचवाल का? माझं संस्कृत सुभाषितांपुरतंच आहे. सेमिनार पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे जाडजूड ग्रंथ असेल तर कुठलं प्रकरण आधी वाचू तेही सांगा.