लेकीला इंग्लंडच्या खेड्यात जुनं कॉटेज घ्यायचंय, पैसे पाठवू का?

पाचपाखाडीकर:
नमस्कार मंडळी. लेक आणि जावई ब्रिस्टॉलजवळ असतात, दोघंही नोकरीत, सध्या भाड्याने राहतात. आता त्यांनी विल्टशायरमध्ये लॅकॉकच्या आसपासच्या एका खेड्यात सतराव्या शतकातलं कॉटेज बघितलंय, जाड दगडी भिंती, गवताचं छप्पर, आत ओकच्या तुळया आणि माणूस आत उभा राहील एवढी मोठी चूल. ४ लाख पौंड सांगताहेत, ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे तिकडच्या संरक्षित जुन्या वास्तूंच्या यादीत. फोटो बघून आमच्या हिने बागेत काय लावायचं तेसुद्धा ठरवलंय. थोडे पैसे कमी पडताहेत ते आम्ही घालायचे आणि कागदावर आमचंही नाव लावायचं असं जावई स्वतःहून म्हणताहेत. लेकीच्या नावावर कासारवडवलीला वन बीएचके आहे, तो भाड्याने दिलाय. पोरांचं तिथे स्वतःचं घर व्हावं असं मनापासून वाटतं, पण इथे ३० वर्षांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते आणि हे तर साडेतीनशे वर्षांचं, म्हणून धाकधूक आहे. कुणाला अनुभव?

सीवूड्सवाली:
काका, सगळ्यात आधी तो कासारवडवलीचा फ्लॅट. तिकडची स्टँप ड्युटी मोजताना जगात कुठेही असलेलं घर धरतात. ज्याच्या नावावर कधीच कुठलं घर नव्हतं त्याला ४ लाखांवर ५,००० पौंड पडतात, पण लेकीच्या नावावर फ्लॅट असल्याने ती सवलत गेली. साधा दर १०,००० होतो. आणि हे त्यांचं दुसरं घर ठरलं तर संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे एकूण ३०,००० पौंड! दुसऱ्या घरातला हिस्सा ४० हजार पौंडांच्या वरचा असला की हे लागू होतं, ठाण्यातला वन बीएचके त्यात सहज बसतो. ताबा घ्यायच्या आधी तो विकला तर हे जादाचे २०,००० वाचतात.
तुमचं नाव तर लावूच नका. तुम्ही इथले रहिवासी, त्यामुळे परदेशस्थ म्हणून अजून २ टक्के म्हणजे ८,००० वाढतील, शिवाय तुमचं स्वतःचं घर आहेच. त्यापेक्षा लेकीला गिफ्ट म्हणून द्या, तिथली बँक तसं लेखी मागते. एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोपर्यंत पैसा अडकतो, तेवढा हिशोबात धरा.

चुन्याची_भिंत:
मी नेरूळचा, जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत आहे, भावाचं डॉर्सेटमध्ये असंच गवती छपराचं घर आहे म्हणून कळकळीने लिहितोय.
लिस्टेड म्हणजे नुसता दर्शनी भाग नाही, आतल्या भिंती, जिना, चूल, दारं सगळं आलं. खिडकी बदलायची, आतली भिंत पाडायची तर काउन्सिलची (म्हणजे तिथल्या पालिकेची) वेगळी परवानगी लागते आणि ती न घेता काम केलं तर तो गुन्हा आहे, १९९० चा कायदा आहे त्याचा. वाईट म्हणजे आधीच्या मालकाने विनापरवाना केलेलं काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते आणि त्याला मुदत नाही, किती का वर्षं होईनात.
दुसरं ओल. ही घरं चुन्यात बांधलेली, भिंत ओल घेते आणि बाहेर टाकते. नंतर कुणीतरी बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारतं आणि ओल आत कोंडते. लेकीला सांगा बघायला गेलीस की सोफा, कपाट थोडं सरकवायला लाव, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत रंगाचे पोपडे, पांढरे क्षार दिसताहेत का बघ, हात लावून बघ, नुकताच रंग मारलेला असेल तर जास्तच बघ. मग बाहेर जाऊन त्याच भिंतीला सिमेंट आहे का आणि बागेची माती आतल्या जमिनीपेक्षा वर चढलीय का ते बघायचं. माती उपसून, सिमेंट खरवडून परत चुना लावला की बरीचशी ओल आपोआप जाते, केमिकल टोचून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये.
छपराचं आढं १०-१५ वर्षांनी नव्याने शाकारावं लागतं, शेवटचं कधी झालं ते लेखी घ्या. विमा महाग असतो, चुलीत लाकडं जाळणार असाल तर धुराड्याचीही चौकशी होते. खेड्यात सेप्टिक टँक असेल तर त्याचं पाणी थेट ओढ्यात सोडायला २०२० पासून बंदी आहे, तेही विचारा. आणि लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सगळ्यात सखोल तपासणी, करून घ्या, बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नाही.

तलावपाळी:
थोडी भर. लॅकॉक गावातली बहुतेक घरं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची आहेत, १९४४ मध्ये टॅलबॉट घराण्याने दिलेली, ती भाड्याने मिळतात. आसपासच्या खेड्यांत मात्र विक्रीला निघतात. ऑफर मान्य झाली म्हणून घर आपलं झालं असं धरू नका, कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे दोन्हीकडच्या सह्यांचे करार अदलाबदल, होईपर्यंत समोरचा जास्त भावाला दुसऱ्याला देऊ शकतो. पण आपल्यालाही तोपर्यंत सुटता येतं, सर्व्हेत काही निघालं तर भाव कमी करून मागता येतो. एक्स्चेंजला साधारण १० टक्के भरतात, त्यानंतर माघार घेतली तर ते गेलेच समजा.

पाचपाखाडीकर:
खूप आभार सगळ्यांचे. नाव लावायचा विचार रद्द, फ्लॅटचं लेकीशी आजच बोललो. शनिवारी ते परत बघायला जाताहेत. एक शंका, फोटोत किचन बरंच मोठं दिसतंय, मधली भिंत काढल्यासारखं. एजंट म्हणाला खूप जुनं काम आहे, काळजी करू नका.

चुन्याची_भिंत:
इथेच थांबून विचारा काका. जुनं म्हणजे कधीचं आणि परवानगीची प्रत कुठाय. घर लिस्ट कधी झालं ती तारीख ती यादी ठेवणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या साइटवर फुकट दिसते, भिंत त्यानंतर पाडली असेल तर काउन्सिलचा कागद असायलाच हवा. नसेल तर विकणाऱ्याने आधी काउन्सिलकडून ते नियमित करून घ्यावं असं सॉलिसिटरकरवी कळवा. त्याऐवजी विमा पॉलिसी काढून देतो म्हणतील, तिने पाडलेली भिंत कायदेशीर होत नाही. हा कागद हातात येईपर्यंत सर्व्हेवरही पैसे घालू नका.