मदत हवी आहे: गावातल्या सगळ्या शाळा बाहेरच्या कंपनीकडे चालवायला जातायत, करारात काय मागून घ्यावं?

मंडळी नमस्कार, इतकी वर्षं फक्त वाचत आले, आज लिहायची वेळ आली. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका लहान गावात राहतो. एकेकाळचं कारखान्यांचं गाव, आता बरेचसे बंद पडलेत. मुलगी तिसरीत, पब्लिक स्कूलला. भारतातल्या लोकांसाठी सांगते, इथे गावातल्या सगळ्या सरकारी शाळा मिळून एक स्कूल डिस्ट्रिक्ट असतो, त्याचं निवडून आलेलं बोर्ड असतं, आणि पैसा थोडा घरपट्टीतून, बराचसा राज्याकडून मुलांची डोकी मोजून येतो. म्हणजे पट घसरला की पैसा घसरतो, पण बॉयलर तोच, छप्पर तेच, बसलाही तेवढंच गाव फिरावं लागतं. आमच्याकडे तेच झालं, माणसं गाव सोडून गेली, काही मुलं चार्टर शाळांत (सरकारी पैशावर पण डिस्ट्रिक्टच्या बाहेर चालणाऱ्या शाळा) गेली, डिस्ट्रिक्टच्या डोक्यावर कर्ज चढलं आणि दोन वर्षांत तीन सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, आले नि गेले. मुलीच्या वर्गाला ऑक्टोबरपासून कायमची बाई नाही. जानेवारीत वर्गातला हीटर नऊ दिवस बंद होता, पोरं कोट घालून बसायची, ही घरी येऊन म्हणाली आई हातमोजे घालून पेन्सिल धरताच येत नाही गं, आणि वही दाखवली तर अक्षरं सगळी रेषेच्या खाली घसरलेली. ती वही मी जपून ठेवलीय.

आता राज्याने दट्ट्या लावला म्हणून बोर्डाने एका खाजगी मॅनेजमेंट कंपनीशी बोलणी सुरू केलीत. पाच वर्षांचा करार, सगळ्याच्या सगळ्या शाळा. बोलणी करणाऱ्या कमिटीत दोन पालक घेतले, त्यातली एक मी. कारण काय तर लग्नाआधी मी सांगलीला सहकारी बँकेत ऑडिटला होते हे कुणीतरी बोर्डाला सांगितलं. कराराचा मसुदा शुक्रवारी संध्याकाळी हातात आला, मतदान तीन आठवड्यांवर आहे. तीन वेळा वाचला. इंग्रजी कळतं हो, पण शाळांचे करार मी कधी बघितलेले नाहीत आणि इथे कुणाला विचारावं तर प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बाजूचा.

मला खुपलेल्या गोष्टी अशा. कंपनीची फी डिस्ट्रिक्टच्या एकूण उत्पन्नाच्या टक्क्यात आहे आणि दर महिन्याला सगळ्यात आधी ती कापून घेणार, मग पगार, मग बाकीचं. कंपनीला 90 दिवसांची नोटीस देऊन कधीही जाता येतं, बोर्डाला मात्र कंपनीची चूक सिद्ध करून, वर ती सुधारायला मुदत देऊन मगच काढता येतं. रोजची देखभाल कंपनीकडे आणि मोठी दुरुस्ती डिस्ट्रिक्टकडे असं लिहिलंय, पण मोठी म्हणजे कितीची हे कुठेच नाही. आमचा तो नऊ दिवस बंद पडलेला हीटर यातल्या कुठल्या कलमात बसतो?

मग मी आधी कुठे कुठे असं झालंय ते रात्री बसून वाचायला घेतलं, आणि खरं सांगते झोप उडाली. मिशिगनमधलं मस्कीगन हाइट्स, 2012 साली इमर्जन्सी मॅनेजरने, म्हणजे राज्याने नेमलेल्या कारभाऱ्याने, अख्खा डिस्ट्रिक्ट मोझाइका नावाच्या कंपनीला पाच वर्षांसाठी दिला, आधीच्या शिक्षकांना कामावरून कमी केलं, आणि 2014 मध्ये दोन वर्षांतच दोघांच्या संमतीने करार संपला कारण त्यात नफा निघत नव्हता. मुलं तिथेच राहिली, शाळा पुन्हा नव्याने चालवायची वेळ आली. इंडियानातल्या गॅरीमधलं रूझवेल्ट हायस्कूल राज्याने ताब्यात घेऊन एडिसनलर्निंग नावाच्या खाजगी कंपनीला चालवायला दिलं, इमारत मात्र डिस्ट्रिक्टचीच राहिली. तिथे हीटिंग बिघडलं तेव्हा खर्च कुणाचा यावरून दोघांचं जे भांडण लागलं ते कोर्टापर्यंत गेलं, आणि 2019 च्या थंडीत पाइप फुटल्यावर मुलांना इमारतच सोडावी लागली. हे वाचलं तेव्हा वही आठवली.

कनेटिकटमधल्या हार्टफर्डची गोष्ट जुनी आहे पण माझ्यातल्या ऑडिटवालीला तीच सगळ्यात जवळची वाटली. 1994 मध्ये ईएआय कंपनीने सगळा डिस्ट्रिक्ट घेतला, मोबदला म्हणे आम्ही खर्चात जी बचत करू त्यातून घेऊ. बचत कशाला म्हणायचं, कुठल्या बजेटच्या तुलनेत, यावरच जमेना, बिलं तुंबली आणि 1996 च्या सुरुवातीला गाशा गुंडाळला. आणि निकालाचं म्हणाल तर फिलाडेल्फियात 2002 मध्ये राज्याने बऱ्याच शाळा बाहेरच्या संस्थांना दिल्या, एकट्या एडिसनला (गॅरीतल्या एडिसनलर्निंगचंच जुनं नाव) 20, त्यांना दर मुलामागे जादा पैसेही दिले, आणि रँड या संशोधन संस्थेच्या 2007 च्या अभ्यासात निघालं की त्या शाळांची प्रगती बाकीच्या डिस्ट्रिक्टपेक्षा जास्त काही नाही.

मी बाहेरच्यांच्या विरोधात नाही, हे आवर्जून लिहिते. आत्ता जे चाललंय तेही चालू शकत नाही. गॅरीचाच पूर्ण डिस्ट्रिक्ट 2017 मध्ये राज्याने एमजीटी कन्सल्टिंग या सल्लागार कंपनीच्या लोकांकडे दिला आणि 2024 मध्ये तो परत स्थानिक बोर्डाकडे आला, म्हणजे परत येण्याचा रस्ता असू शकतो. माझं एवढंच म्हणणं आहे की तो रस्ता आमच्या मसुद्यात नाही. कंपनी गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा कोण उघडणार, पगाराचं सॉफ्टवेअर कुणाच्या नावावर, मुलांचे रेकॉर्ड कुणाच्या सर्व्हरवर, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही.

तर प्रश्न: फी टक्क्यात न घेता ठरावीक रकमेत आणि थोडी मागे राखून देता येते का, तसं कुणी करून घेतलंय का? सोडून जाताना किमान किती मुदत मागावी? आणि वकील बोर्डाचा आहे, पालकांनी वेगळा बघावा का? कुणीही अनुभवी असेल तर प्लीज लिहा.

जुना टेंडरवाला:
ताई, मी शाळांतला नाही, पुण्यात महापालिकेच्या कंत्राटांचं काम 20 वर्षं केलंय, त्यावरून सांगतो. शेवट आधी लिहून घ्या, सुरुवात नंतर. नोटीस दिवसांत नको, शैक्षणिक वर्षात मागा, म्हणजे जायचं असेल तर जूनच्या शेवटालाच, आणि कळवायचं आदल्या डिसेंबरच्या आत. दुरुस्तीला रकमेची रेघ मारून घ्या, अमुक डॉलरच्या आतलं त्यांचं, वरचं तुमचं, आणि वाद असला तरी हीटिंग 24 तासांत आधी चालू करायचं, पैशाचं भांडण मागाहून. आमच्याकडे रिटेन्शन म्हणतात तसं फीचा एक भाग अडकवून ठेवा आणि हँडओव्हर पूर्ण झाल्याशिवाय सोडू नका. आणि हो, इकडे आकांक्षा फाउंडेशन पुण्या-मुंबईत महापालिकेच्या शाळा चालवतं, ती सेवाभावी संस्था आहे, इमारत पालिकेची आणि शिक्षक संस्थेचे. तिथे नफ्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे त्याची तुलना तुमच्याशी करू नका, कुणी कमिटीत केली तर हा फरक दाखवा.

न्यूजर्सीकर:
मी स्पेशल एज्युकेशनला शिकवते. एक गोष्ट कुणी सांगणार नाही म्हणून सांगते, ज्या मुलांचे आयईपी (खास गरजा असलेल्या मुलासाठी लिहिलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) आहेत त्यांची कायद्याने जबाबदारी शेवटी डिस्ट्रिक्टवरच राहते, कारभार कुणीही करो. स्पीच थेरपिस्ट नाही मिळाला म्हणून तास बुडाले तर पालक डिस्ट्रिक्टलाच धरणार, कंपनीला नाही. तेव्हा हे तास भरले की नाही याचा दर महिन्याचा हिशोब बोर्डाच्या उघड्या मीटिंगमध्ये मांडायचा असं कलम घाला, आणि बुडालेल्या तासांचा खर्च कंपनीच्या फीतून. शिवाय वर्गात कायमचा शिक्षक किती दिवस नव्हता हा आकडा मागा. टेस्टचे मार्क वर्षाने कळतात, हा आकडा दर शुक्रवारी कळतो.

आणि वकील वेगळा बघाच. राज्याच्या पालक संघटनेकडे किंवा जवळच्या लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये, म्हणजे त्यांच्या कायदा सल्ला केंद्रात, विचारा, बऱ्याच ठिकाणी पैसे पडत नाहीत.

धागाकर्ती:
दादा, ताई, खूप खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचून. हीटिंग आधी, भांडण मागाहून, हे वाक्य मी इंग्रजीत लिहून मसुद्याला जोडलंय. लॉ स्कूलला मेल टाकली. वर्ग किती दिवस बाईविना राहिला तो आकडा आजच मुलीच्या शाळेत मागितला, ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या तसं कुणी मोजत नाही, मग मी मुलीच्या डायरीत बघितलं, ऑक्टोबरपासून आजपर्यंत बदली शिक्षकांची 11 वेगवेगळी नावं निघाली. गुरुवारी पुढची बैठक आहे, तिथे डायरी आणि वही दोन्ही घेऊन जाणार आहे.

एकच विचारायचं राहिलं. बोर्डाचे अध्यक्ष म्हणतात की इतकी कलमं घातली तर कंपनी उठून जाईल आणि मग राज्य थेट ताबा घेईल. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कमध्ये 2014-15 ला चार्टर कंपनीकडे सगळ्या शाळा द्यायचं घाटत होतं, गावाने विरोध केला आणि ते शेवटी झालं नाही, हे मी वाचलंय. पण यॉर्कमध्ये किंवा अशा दुसऱ्या गावात राहणारं कुणी इथे आहे का, मसुद्यावर अडून बसल्यावर पुढच्या वर्षी शाळांचं प्रत्यक्षात काय झालं ते सांगू शकेल असं? गुरुवारच्या आत लिहिलंत तर फार उपयोग होईल.