सीईटीच्या मॉकमध्ये मार्क हलतच नाहीयेत, मुलगा पेपर दाखवायचाच बंद झालाय, काय करू?

बारावीवाल्याची_आई
नमस्कार मंडळी, मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), जेईई देणार नाहीये, फक्त एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा. क्लासला दर रविवारी फुल मॉक (सराव परीक्षा) असते आणि दिवाळीपासून २०० पैकी ८०-९० च्या पुढे गाडी जातच नाहीये. अभ्यास करत नाही असं अजिबात नाही हो, रात्री एक-एक वाजेपर्यंत टेबलावर असतो. क्लासवाले पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावासकट रँक लिस्ट टाकतात, ती आली की घरात सगळ्यांची तोंडं बंद होतात. आता तर तो पेपर दाखवतच नाही, विचारलं की "झाला बरा" म्हणतो आणि उठून जातो. जेवणावर पण लक्ष नाही. फेब्रुवारीत बोर्ड, मग सीईटी. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, मार्क कसे वाढवायचे आणि त्याच्याशी बोलायचं कसं, दोन्ही.

पप्पू_७७
क्लास बदला. दुसरं काही नाही.

गणिताचा_मास्तर
बदलू नका ताई, आत्ता डिसेंबरात नवीन क्लास म्हणजे नवीन नोट्स, नवीन सर, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो, दरवर्षी या दिवसांत हीच तक्रार घेऊन पालक येतात. ८६ की ९१ यावरून मला काहीच कळत नाही. तीन आकडे पाहिजेत, प्रत्येक विषयात बरोबर किती, चूक किती आणि कोरे सोडले किती. मुलाला मार्क विचारूच नका, "कोरे किती राहिले रे" एवढंच विचारा. हा प्रश्न मुलांना टोचत नाही, ती सांगतात.

सिव्हिल_थर्ड_इयर
काकू, त्या रँक लिस्टचं आधी काहीतरी करा प्लीज. आमच्या बॅचला पण होती, लिस्ट यायच्या आधीपासूनच पोटात गोळा यायचा आणि रविवारची संध्याकाळ त्यातच जायची, पेपर बघायची इच्छाच उरायची नाही. आणि खरा अभ्यास तर पेपर झाल्यावर असतो. तुम्ही तो ग्रुप म्यूट करा आणि त्याला तसं सांगून टाका, की मी आता लिस्ट बघत नाही.

दोन_मुलींचा_बाबा
+१. आम्ही चार-पाच पालक मिळून क्लासच्या सरांना भेटलो होतो, नाव न टाकता फक्त रोल नंबर टाका म्हणून. भांडण न करता बोललो तर ऐकलं त्यांनी. तुमच्यासारखं वाटणारे पालक त्या ग्रुपवर अजून असणारच, फक्त आधी बोलायला कुणी तयार नसतं.

बारावीवाल्याची_आई
मास्तर, तुम्ही सांगितलं तसं विचारलं आणि खरंच सांगितलं त्याने, स्वतःच मोबाईलवर काढून दाखवलं. परवाची मॉक, एकूण ८६.
फिजिक्स २२ बरोबर, १७ चूक, ११ कोरे.
केमिस्ट्री २६ बरोबर, २० चूक, ४ कोरे.
मॅथ्स १९ बरोबर, ९ चूक, २२ कोरे.
मॅथ्सला वेळच पुरत नाही म्हणतो, आणि फिजिक्सचे शेवटचे प्रश्न वाचायलाच मिळाले नाहीत.

गणिताचा_मास्तर
आता कसं, बोलण्यासारखं काहीतरी हातात आलं. ताई, सदतीस प्रश्न कोरे आहेत! सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. चार पर्याय असतात, म्हणजे नुसते डोळे मिटून टिक केले तरी सरासरीने चारातला एक बरोबर येतो, मॅथ्सचा प्रश्न २ मार्कांचा आणि बाकीचे १ चे, तर या कोऱ्या प्रश्नांतूनच साधारण १४-१५ मार्क निघतात. प्रत्येक वेळी तेवढेच येतील असं नाही, पण कोऱ्याला शून्य हे मात्र नक्की. हा अभ्यास नव्हे, पण पोराने कष्ट केलेत तर हक्काचे मार्क का सोडायचे?

आता वेळेचं. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. ती ९० मिनिटं झाली की तो भाग बंद होतो आणि मॅथ्स उघडतं, ५० प्रश्नांना पुन्हा ९० मिनिटं, मागे जाता येत नाही. पहिल्या भागात मात्र फिजिक्स-केमिस्ट्रीत इकडून तिकडे उड्या मारता येतात. त्याला विचारा तो फिजिक्सपासून सुरू करतो का, बरीच मुलं स्क्रीनवर पहिलं दिसतं म्हणून तेच घेतात आणि गणितं करत बसतात. केमिस्ट्री आधी घ्यायला सांगा. तिथे वाचलं की येतं किंवा येत नाही असे प्रश्न पुष्कळ, ३५ मिनिटांत उरकायची सवय लावायची, उरलेली ५५ फिजिक्सला.

मॅथ्समध्ये दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत वाचल्या वाचल्या रस्ता दिसला तरच हात लावायचा, नाहीतर रिव्ह्यूला टाकून पुढे. इंटिग्रेशनचं लांबलचक एक गणित सहा मिनिटं खातं आणि पुढे मॅट्रिसेस, लॉजिक, लिनिअर प्रोग्रामिंगचे सोपे प्रश्न वाचायचेच राहतात. प्रश्न सोप्यापासून अवघड अशा क्रमाने येत नाहीत हे मुलांना माहीत असतं, पण पेपरात बसलं की विसरतात. शेवटची तीन मिनिटं उरलेले सगळे टिक करायला राखायची, आणि प्रत्येक वेळी सेव्ह करून पुढे जायचं.

अजून एक, अकरावी. पेपरात साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतात, सगळ्या अकरावीवर नाही. धड्यांची यादी सीईटी सेलच्या, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर आहे. मॅथ्समध्ये सर्कल, प्रोबॅबिलिटी, परम्युटेशन-कॉम्बिनेशन वगैरे. हे धडे दिवाळीनंतर मुलं उघडतच नाहीत.

सिव्हिल_थर्ड_इयर
मास्तरांचं कोऱ्या प्रश्नांवरचं पटलं, पण मला जास्त काळजी त्या चुकीच्या प्रश्नांची वाटते. १७ आणि २० चूक म्हणजे त्याला वाटलं येतंय आणि आलं नाही. तिथेच सगळे मार्क आहेत. मी एक साधी शंभर पानी वही केली होती, चुकलेला प्रश्न त्यात उतरवायचा आणि खाली एकाच ओळीत लिहायचं की का चुकला. "सिली मिस्टेक" असं लिहायला बंदी. नेमकं काय झालं ते लिहायचं. उदा. सॉलिड स्फिअरचा मोमेंट ऑफ इनर्शिया टँजंटभोवती विचारलाय, आणि मी २/५ एमआर स्क्वेअर टिक केलं कारण ते पाठ आहे, पर्यायात ते ठेवलेलंच असतं. तो झाला डायमीटरभोवतीचा. टँजंटला पॅरलल अॅक्सिसने अजून एक एमआर स्क्वेअर मिळवायचा, ७/५. फॉर्म्युला येत होता, थिअरम पण येत होता, "टँजंट" हा शब्द वाचला नाही. अशा ओळी जमल्या की आपला पॅटर्न दिसायला लागतो, माझ्या निम्म्याहून जास्त चुका प्रश्न अर्धा वाचून आणि युनिट न बदलून व्हायच्या, आणि मी बसलो होतो पुन्हा पुन्हा धडे वाचत.

दर रविवारी मॉक देण्यापेक्षा एक रविवार मॉक आणि पुढचा रविवार त्याच मॉकचं ऑपरेशन, असं केलं तरी चालेल. त्याला सांगा, काही अडलं तर मेसेज कर मला.

पप्पू_७७
हे बरोबर आहे. माझ्या भाच्याने पण वही केली होती.

समुपदेशक_मावशी
शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. मार्कांचं वर छान सांगितलंय सगळ्यांनी, मी झोपेवर बोलते. रात्री एकपर्यंत बसून सकाळी कॉलेज म्हणजे पाच-साडेपाच तास झोप, आणि दिवसा वाचलेलं डोक्यात मुरायला झोपच लागते. अकराला दिवा बंद करून बघा. वेळ कमी पडतो असं तो म्हणेल, पण त्या शेवटच्या दोन तासांत तो बहुतेक वाचलेलंच परत वाचत असणार. त्याऐवजी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर धडा आठवून लिहायचा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता, पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते ना.

आणि ताई, जेवण कमी झालंय म्हणालात म्हणून स्पष्ट विचारते, चिडचिड, मित्रांना टाळणं, "माझा काही उपयोग नाही", "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही कानावर आलंय का? आलं तर सीईटी वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचं. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

बोलताना मार्कांपासून सुरुवात नको. त्याच्याबरोबर भाजी आणायला जा, गाडीवर मागे बसा, समोरासमोर बसवून विचारलं की या वयाची मुलं गप्प होतात.

बारावीवाल्याची_आई
मावशी, तसं काही बोलला नाहीये, चिडचिड आहे फक्त. पण नंबर सेव्ह केला. काल गाडीवरच बोललो, म्हणाला "तुम्हाला लाज वाटते ना लिस्ट बघून". मला रडूच आलं. सांगितलं त्याला, की लाज नाही रे, तू एकटाच सोसतोयस याचं वाईट वाटतं. ग्रुप त्याच्यासमोर म्यूट केला. नंतर घरी येऊन जेवला नीट.
एक शंका, ८६ म्हणजे किती पर्सेंटाइल? क्लासवाले एक सांगतात, यूट्यूबवर भलतंच.

गणिताचा_मास्तर
मॉकवरून पर्सेंटाइल सांगताच येत नाही. तुमच्या शिफ्टला (त्याच सत्रात तोच पेपर द्यायला) बसलेल्यांपैकी जितक्या टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क, तो तुमचा पर्सेंटाइल. अवघड शिफ्टला कमी मार्कांत पण चांगला येतो. क्लासची मुलं म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे, त्यामुळे तो हिशोब सोडा. कॉलेजचा अंदाज हवा तर सीईटी सेलचे मागच्या वर्षीचे कॅपचे (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे) कटऑफ बघा, कॉलेज, ब्रँच, कॅटेगरी सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. आणि बोर्ड सोडू नका हं, इंजिनिअरिंगच्या कॅपला बारावीत पीसीएमला ओपनला ४५ टक्के आणि राखीवला ४० लागतातच. जानेवारीत प्रॅक्टिकल आणि बोर्डाचं लिखाण, मॉक एकाआड एक रविवारीच. बालभारतीचं पुस्तक दोन्हीला तेच आहे.

बारावीवाल्याची_आई
हो, वही आणलीय आजच. पहिला प्रश्न केमिस्ट्रीचा उतरवला त्याने, "नॉट" शब्द वाचला नाही असं खाली लिहिलंय. @सिव्हिल_थर्ड_इयर, तो विचारतोय तू सगळे चुकलेले उतरवायचास का निवडक, केमिस्ट्रीचे वीस लिहायला फार वेळ जातोय.

सिव्हिल_थर्ड_इयर
निवडक! धडाच वाचला नसेल तर तो प्रश्न नको उतरवू, सरळ धडा वाच. येत असून चुकलेत तेवढेच वहीत. केमिस्ट्रीचा प्रश्न पूर्ण नको लिहू, फोटो काढून प्रिंट चिकटव किंवा नुसता प्रश्न नंबर टाक आणि कारणाची ओळ लिही. आणि पुढच्या मॉकच्या आदल्या संध्याकाळी फक्त त्या ओळी वाचून जा.