लोपामुद्रा: 'लोप' आहे म्हणून दचकू नका

'लोप म्हणजे नाहीसं होणं, मग मुलीला लोपामुद्रा नाव कसं ठेवायचं?' ही शंका रास्त आहे, पण लोप नक्की कशाचा ते पाहा. महाभारताच्या वनपर्वात अगस्त्य ऋषी निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव मनात जुळवून एक कन्या घडवतात आणि अपत्य नसलेल्या विदर्भराजाला देतात. त्यावरून नावाची फोड अशी सांगतात: हरणाला आपल्या डोळ्यांचा तोरा होता, हिच्यापुढे तो उतरला. म्हणजे लोप झाला तो इतरांच्या मुद्रेचा!

मला स्वतःला मात्र ऋग्वेदातली लोपामुद्रा जास्त आवडते. पहिल्या मंडलातल्या १७९ व्या सूक्तात ती नवऱ्याला, म्हणजे अगस्त्यांनाच, सरळ सुनावते: कितीएक शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टतेय, म्हातारपण देहाची शोभा घालवतं, आता तरी जवळ या. इतकं रोखठोक बोलणारी बाई त्या काळातली, हे विशेष.

बंगाली आणि ओडिया घरांत हे नाव बऱ्यापैकी आढळतं. गायिका लोपामुद्रा मित्र आहेतच. मराठीत क्वचित. खरं तर विदर्भाची लेक, आपल्याकडे जास्त हवी होती. लांब वाटलं तर हाक मारायला 'लोपा' किंवा 'मुद्रा' आहेच. फक्त 'लोपमुद्रा' लिहू नका, पवर काना हवा.