‘मौखिक वादविवाद’ की ‘तोंडी युक्तिवाद’?

प्रश्न: विद्यार्थ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजावर छोटी पुस्तिका करतेय. वकील उभा राहून न्यायाधीशांसमोर जे बोलतो, त्याला एकानं ‘मौखिक वादविवाद’ लिहिलंय. मला खटकतंय, पण का ते सांगता येईना. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतंय. इथली वकील मंडळी रोज काय म्हणतात?

उत्तर: ताई, आधी ‘वादविवाद’ काढा. तो शाळेत दोन गट एकमेकांशी घालतात. कोर्टात वकील समोरच्या वकिलाशी बोलतच नाही, पीठाशी, म्हणजे खटला ऐकणाऱ्या न्यायाधीशांशी, बोलतो. आणि पीठ मध्येच अडवतं, “तुमच्याच अशिलानं पान ४२ वर उलट लिहिलंय, त्याचं काय?” तिथं उभ्या उभ्या जे उत्तर द्यावं लागतं, त्यात या कामाचा सगळा जीव आहे. आम्ही त्याला ‘युक्तिवाद’ म्हणतो, बोलताना ‘आर्ग्युमेंट’. “आर्ग्युमेंट झाली, निकालावर ठेवलंय,” असं.

‘युक्ती’ दीर्घ, पण ‘युक्तिवाद’ ऱ्हस्व, तेवढं सांभाळा. घरात युक्ती म्हणजे शक्कल. इथं मात्र तर्क, पटणारं कारण. ‘वाद’ही भांडणातला नव्हे. ‘न्याय’ नावाच्या जुन्या भारतीय तर्कशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा वेगळे मानलेत. खरं काय ते कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकायचंच म्हणून घालतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडून काढणं ती वितंडा. कोर्टाला पहिलाच हवा असतो.

‘मौखिक’ चूक नाही, पण तो ‘मौखिक परंपरे’त शोभतो. कोर्टात ‘तोंडी पुरावा’ आहे, ‘लेखी युक्तिवाद’ आहे. त्या जोडीला ‘तोंडी युक्तिवाद’च बसतो.

प्रश्न: पण ‘तोंडी’ म्हटलं की कच्चं वाटतं. “तोंडी नको, लेखी द्या,” हे प्रत्येक ऑफिसात ऐकतो आपण. सगळं कागदावर असताना बोलण्यानं फरक पडतो का?

उत्तर: पडतो, आणि हे सर्वोच्च न्यायालयानंच मान्य केलंय. तिथं फेरविचार याचिका, म्हणजे दिलेला निकाल पुन्हा तपासा अशी विनंती, एरवी न्यायाधीशांच्या दालनात, कागद फिरवून, युक्तिवाद न ऐकता निकाली निघते. २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठानं, म्हणजे घटनेच्या प्रश्नांसाठी बसणाऱ्या मोठ्या पीठानं, ठरवलं, की फाशीची शिक्षा असेल तर फेरविचार खुल्या न्यायालयात ऐकायचा, वेळ फार तर अर्धा तास. माणसाचा जीव जाणार असेल तर कागद पुरेसा नाही, असंच झालं ना हे? दुसरं टोक केशवानंद भारती, संसद राज्यघटना किती बदलू शकते याचा खटला. १३ न्यायाधीश, १९७२-७३ मध्ये ६८ दिवस सुनावणी, निकाल ७ विरुद्ध ६. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात साधारणपणे एका बाजूला अर्धा तास मिळतो. ६८ दिवस खूप झाले, हे मलाही पटतं. पण अर्ध्या तासात एवढं मोठं प्रकरण उलगडलं असतं असं मला वाटत नाही.

आणखी एक उत्तर: पुस्तिकेत ‘म्हणणे’ हा शब्द जरूर घ्या. आमच्या आजीवर वाटपाचा दावा होता. कोर्टानं सांगितलं, “पुढच्या तारखेला म्हणणे द्या.” आजीनं आठ दिवस मनात जुळवणी केली, कुठली विहीर कुणी खणली, कुठला बांध कधी सरकला. त्या दिवशी नवं लुगडं नेसून सकाळच्या एसटीनं आली. वकिलांनी टाइप केलेली दोन पानं पुढं केली, अंगठा घेतला, कागद टेबलावर गेला, तारीख पडली. कोर्टात ‘म्हणणे’ म्हणजे लेखी उत्तर, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ‘सुनावणी’ हिंदीच्या ‘सुनना’मधली, म्हणजे ऐकून घेणं, मराठीत मात्र ‘सुनावणं’ म्हणजे खडसावणं. आपल्या माणसाला दोन्ही शब्द उलटेच ऐकू येतात. बाहेर आल्यावर आजीनं वकिलांना विचारलं, “मग माझं ऐकणार कधी?” ते म्हणाले, “सुनावणीला, आजी.”

प्रश्नकर्ती: ‘तोंडी युक्तिवाद’ पक्का. ‘म्हणणे’ आणि ‘सुनावणी’ शेजारी शेजारी छापते.